गोळी एक, नाडी छत्तीस

१

देवगाव रंगारीच्या बसस्टँडसमोरचं 'संस्कृती मेडिकल' शनिवारी सकाळी नऊ वाजून गेले तरी उघडलं नव्हतं. शटरवर खळीनं एक कागद चिकटवला होता. निळ्या पेनानं, एकेक अक्षर दोनदा गिरवून लिहिलं होतं: "इथं चुकीची गोळी मिळते. कारभारी आबा मरता मरता वाचले. जपून ऱ्हा."

त्याच वेळी दुकानाची मालकीण पडेगावात रईसा मॅडमच्या ओट्यावर बसली होती. त्या कागदाचा फोटो तिच्या मोबाईलमध्ये होता आणि पुढ्यातला चहा गार झाला होता. संस्कृती सव्वीस वर्षांची. फार्मसी शिकलेली तिच्या गावातली पहिली पोरगी. दुकान टाकून पुरतं दीड वर्षही झालं नव्हतं.

रईसा मॅडमनी एकतीस वर्षं फार्मसी कॉलेजात औषधशास्त्र शिकवलं होतं. शेजारी खुर्चीत त्यांचा धाकटा भाऊ सरदार बसला होता. सरदारभाईंनी एसटीत चौतीस वर्षं गाडी चालवली. त्यांना अभिमान दोनच गोष्टींचा. एक म्हणजे कन्नडच्या घाटात त्यांच्या हातून गाडीला साधा ओरखडा आला नाही, आणि दुसरी म्हणजे आपा, त्यांची थोरली बहीण. आपाबद्दल ते इतकं बोलत की गल्लीतल्या लोकांना आपाच्या सगळ्या पदव्या पाठ झाल्या होत्या.

"सुरुवातीपासून सांग," मॅडम म्हणाल्या. "आणि रडू नकोस. रडताना माणूस तपशील विसरतो."

संस्कृतीनं डोळे पुसले. "कारभारी आबा, आमच्या गावचे. वय एकाहत्तर. मूलबाळ नाही, पुतण्या सगळं बघतो. बुधवारी सकाळी आबा गोठ्यात चक्कर येऊन पडले. शहरातल्या दवाखान्यात आणलं तेव्हा नाडी छत्तीस होती."

"छत्तीस!" सरदारभाई ताठ झाले. "अगं, इतकी कमी तर आमच्या डेपोतल्या जुन्या गाडीचीपण नसेल."

"सरदार, गप. तू सांग पुढं."

"डॉक्टर म्हणाले, हृदयाची गती मंद करणारं औषध जास्त गेलेलं दिसतंय. आणि आबांना ते औषध माझ्याच दुकानातनं जातं. पुतण्यानं, बद्रीनाथभाऊनं, चिठ्ठी आणि गोळ्यांची पट्टी शेजारी ठेवली. चिठ्ठीत नाव 'शांतस्पंद'. पट्टीवर नाव 'धीरोटेन'. झालं. सोमवारी औषध प्रशासनाच्या ऑफिसात तक्रार देणार आहेत. माझं लायसन जाईल मॅडम."

"दुसरं नाव का दिलंस?"

"त्या कंपनीची गोळी गावाकडं येत नव्हती. मी डॉक्टरांना फोन केला. ते म्हणाले, तेच औषध, तीच ताकद, दे. चिठ्ठीच्या मागं मी तारीख, वेळ, सगळं लिहिलंय."

"नाव, ताकद, मुदत?"

"तीनदा बघितली. तुम्हीच शिकवलंय."

मॅडमच्या चेहऱ्यावर क्षणभर असं काही उमटलं की सरदारभाईंनाच भरून आलं. आपा वर्गात कुणाला शाबासकी देत नसे, ती कशी दिसते ते त्यांनी आज पाहिलं.

"मग तू चुकली नाहीस," मॅडम म्हणाल्या.

"पण मॅडम," संस्कृतीचा आवाज कापला, "मी चुकले नाही, तर नाडी छत्तीस झाली कशानं? आबांना आज दुपारी घरी सोडणार आहेत. ज्यानं ते पडले ते घरातच असेल तर?"

मॅडम उठल्या. "सरदार, गाडी काढ."

२

गाडी छावणीच्या बाजूनं शहराकडं निघाली, तरी सरदारभाईंच्या डोक्यातला किडा काही जाईना.

"आपा, खरं सांगू? मला तर बद्रीनाथचंच बरोबर वाटतंय. चिठ्ठीवर एक नाव, पट्टीवर दुसरं, आणि म्हणे औषध एकच. हे कसलं?"

"तुला घरात काय म्हणतात?"

"बब्बू."

"डेपोत?"

"उस्ताद!" हे त्यांनी जरा मोठ्यानं सांगितलं.

"आणि आधारकार्डावर?"

"सरदार खान."

"तीन माणसं झाली का मग? प्रत्येक औषधाचं असंच असतं. एक असतं रासायनिक नाव. त्यात कुठला अणू कुठं जोडलाय ते सगळं येतं. ते आमच्यासारख्यांनासुद्धा एका दमात म्हणता येत नाही. दुसरं ब्रँडचं. ते कंपनी ठेवते, ज्याला जे आवडेल ते. एकाच औषधाची अशी पन्नास लाडाची नावं असतात. आणि तिसरं जेनेरिक, म्हणजे जगभर एकच. आधारकार्डावरचं. पट्टीवर ते बारीक अक्षरात असतं, म्हणून लोक वाचत नाहीत. शांतस्पंद काय आणि धीरोटेन काय, आतलं औषध कुठलं, संस्कृती?"

"अ‍ॅटेनोलॉल," मागच्या सीटवरून ताबडतोब उत्तर आलं.

"घराणं?"

"लॉल. नावाच्या शेवटी लॉल, म्हणजे हृदयाचा वेग कमी करणारं. शेवटी प्रिल किंवा सार्टन असेल तर रक्तदाबाचं. स्टॅटिन असेल तर कोलेस्टेरॉलचं. सिलिन म्हणजे पेनिसिलिनची भावकी, जंतू मारणारी."

"हौ? आडनावं असतात?" सरदारभाईंनी आरशातून तिच्याकडं बघितलं.

"असतात," मॅडम म्हणाल्या. "माणसाच्या आडनावावरून त्याचा स्वभाव कळत नाही, आणि जे कळतो म्हणतात ते खोटं बोलतात. औषधाच्या आडनावावरून मात्र शंभर टक्के कळतो."

सरदारभाईंना हे फार आवडलं. संध्याकाळी ओट्यावर कुणाकुणाला ऐकवायचं त्याची यादी त्यांनी मनात तिथल्या तिथं करून टाकली.

"म्हणजे नावांचा घोळ हा घोळच नाही," त्या पुढं म्हणाल्या. "एक गोळी रोज, तीपण बरोबर. तेवढ्यानं नाडी छत्तीसवर येत नाही. जास्तीचं औषध कुठून तरी आत जातंय. ते कुणी घालतंय का, आणि कुठल्या दारानं, एवढंच शोधायचंय."

'कुणी घालतंय' या शब्दांवर संस्कृती दचकली. आबांच्या नावावर चौदा एकर बागायत होती आणि पुढं ती पुतण्याकडंच जाणार होती.

३

दवाखान्यात आबा उशाला पटका ठेवून बसले होते. भरघोस पांढऱ्या मिशा, हाडापेरानं दणकट. कन्नडच्या बैलबाजारात कारभारी आबांच्या शब्दाला मोल होतं. आबांनी जबडा उघडून दात बघितले, पाठीवर थाप मारली, 'घे' म्हणाले, की पुढं कुणी घासाघीस करत नसे. चाळीस वर्षं हा मान त्यांनी सांभाळला होता.

सरदारभाई पलंगाच्या डाव्या अंगाला जाऊन उभे राहिले आणि "सलाम आबा" म्हणाले. आबा असे दचकले की त्यांच्या कोपरानं पाण्याचा पेला खाली गेला. आबांनी अख्खी मान वळवली. "अरे, कधी आलास? दिसलाच नाय."

"समोरच्या दारानंच आलो की," सरदारभाई म्हणाले. त्यांना तो जरा अपमान वाटला. सहा फुटांचा माणूस दिसत नाही म्हणजे काय!

बद्रीनाथ पायथ्याशी उभा होता. तिशीतला, उन्हानं रापलेला, तीन दिवसांची दाढी वाढलेली. संस्कृतीला बघताच त्याच्या कपाळावरची शीर उठली. "ही कशाला आली इथं? माझ्या आबाला मारायला निघालती, तेवढ्यानं भागलं नाय का?"

"मी आणलंय तिला," मॅडम म्हणाल्या. आवाज चढवला नाही, पण एकतीस वर्षं मागच्या बाकापर्यंत पोचलेला तो आवाज होता. बद्रीनाथ खाली बघू लागला.

मॅडम स्टुलावर बसल्या. "आबा, औषधं काय काय घेता?"

"एकच गोळी. सकाळच्याला."

"आणखी काही?"

आबांनी पुतण्याकडं एकदा बघितलं. "नाय. दुसरं औषध काय बी नाय. डागदरलाबी हेच सांगितलं."

"पडायच्या आधी काही वेगळं वाटत होतं?"

"गळाल्यावानी व्हायचं. आन घशात कडू." आबांनी तोंड वाकडं केलं. "धा-बारा दिवस झाले. सकाळी कडू, सांजच्याला कडू. चहात कुनी काय कालवतंय का काय, असं वाटायचं."

"चहा प्यायल्यावर कडू लागायचं?"

आबा थांबले. आठवत राहिले. "नाय. चहाच्या आधीच."

"आणि इथं आल्यापासून?"

"इथं नाय. तीन दिस झाले, तोंड साफ हाय."

"बघा!" बद्रीनाथ उसळला. "इथं हिची गोळी बंद केली आन कडू गेलं. गोळीतच खोट व्हती!"

"गोळी आबा फक्त सकाळी घेतात," मॅडम शांतपणे म्हणाल्या. "संध्याकाळी कशानं कडू लागायचं?"

बद्रीनाथ घाईनं म्हणाला, "काकूचा काढा असंल. काकू त्यांना कसल्यातरी सालीचा काढा देती."

सरदारभाईंनी आपाकडं बघितलं. आपा बद्रीनाथच्या हातांकडं बघत होती. तो बोलताना खिशातला रुमाल चुरगळत होता.

४

दौलताबादचा किल्ला मागं पडला, वेरूळचा घाट उतरला, आणि दुपारी अडीचच्या सुमाराला गाडी आबांच्या मळ्यात शिरली. आबांना जीपनं आणायला अजून तास-दीड तास होता.

साळूबाई म्हणजे आबांची बायको. संस्कृतीला दारात बघून तिनं आधी डोळ्याला पदर लावला, मग तिचा हात धरून तिला आत ओढलं. "पोरी, माझा जीव सांगतो तू नाय केलं. पन माझं ऐकतं कोन?"

गोळ्यांची पिशवी खुंटीला होती. संस्कृतीनं दोन पट्ट्या काढल्या. तेवीस दिवसांपूर्वी अठ्ठावीस गोळ्या दिल्या होत्या. बुधवारच्या सकाळपर्यंत वीस जायला हव्यात. आठ शिल्लक हव्यात. तिनं बोट ठेवत मोजल्या. आठ.

"एकही जास्त गेली नाही," ती पुटपुटली. खुश व्हावं की घाबरावं, तिला कळेना.

"काढा?" मॅडमनी विचारलं.

"अर्जुनाच्या सालीचा. दुपारच्याला, जेवल्यावर. मी बी पिते त्यांच्याबरोबर, एकाच भांड्यातला." साळूबाईनं मनगट पुढं केलं. "बघा माझी नाडी."

मॅडमनी घड्याळ लावून मोजली. अठ्ठ्याहत्तर. "तुमची नाडी माझ्यापेक्षा चांगली आहे, साळूबाई. पण काढा देता हे डॉक्टरांना सांगत जा." काढ्यावरचा संशय तिथंच संपला.

साळूबाई पाणी आणायला माठाकडं वळली. माठ ओल्या वाळूवर ठेवला होता. सरदारभाई तहानलेले, ते पेला घेऊन स्वतःच पुढं झाले, तशी म्हातारी म्हणाली, "भाऊ, वाळूत हात घालू नका बरं. बद्रीनं बैलाच्या डोळ्याचं औषध पुरलंय. गार ठिवा म्हनलाय, कुनाला हात लावू देत नाय. सकाळ-संध्याकाळ दोघं चुलते-पुतणे गोठ्यात जात्यात, दार लोटून घेत्यात. बैल बुजतो म्हनं."

"कधीपासून?" मॅडमनी सहज विचारलं.

"झाले की धा-बारा दिवस. शहरात गेलते दोघं, ट्रॅक्टरचा पट्टा आनायला. तवाच आनलं."

धा-बारा दिवस. हे शब्द सकाळीसुद्धा ऐकल्यासारखे सरदारभाईंना वाटले, पण कुठं ते लक्षात येईना. ते पाणी पिऊन गोठ्याकडं गेले. खिल्लारी जोडी रवंथ करत उभी होती. त्यांनी दोन्ही बैलांच्या डोळ्यांत वाकून बघितलं. ना चिपाड, ना लाली, ना पाणी. चारी डोळे आरशासारखे. पलीकडं ट्रॅक्टर उभा होता. चौतीस वर्षं इंजिनाशी संसार केलेल्या माणसाला राहवतंय होय? त्यांनी बॉनेट उचललं, फॅनबेल्टवर अंगठा दाबला, आणि धावत ओसरीवर आले.

"आपा! पट्टा जुनाच आहे. भेगा पडल्यात. बदललाच नाही. आणि बैलांच्या डोळ्यांना काही झालेलं नाही!"

मॅडम आपल्या भावाकडं अशा बघत राहिल्या की त्यांना उगाच ओशाळल्यासारखं झालं. "सरदार," त्या म्हणाल्या, "डेपोनं तुला फार लवकर निवृत्त केलं."

एवढ्यात फाटकात जीप वाजली.

आबा उतरले, उंबऱ्यावर साळूबाईनं भाकरतुकडा ओवाळून टाकला, जरा टेकले, चहा झाला. पाच वाजत आले. बद्रीनाथनं इकडंतिकडं बघितलं, मग माठाजवळ जाऊन वाळूत बोटं खुपसली आणि मुठीत काहीतरी घेतलं. "चला आबा, जरा बैलास्नी बघून घ्या. तुमची वाट बघतायत."

दोघं गोठ्यात गेले. दार लोटलं गेलं.

मॅडम उठल्या. सत्तरीला टेकलेल्या आपाला इतक्या झपाझप चालताना सरदारभाईंनी किती वर्षांत पाहिलं नव्हतं. मॅडमनी दार ढकललं.

"बद्रीनाथ, थांब! ते औषध कुठल्या बैलाच्या डोळ्यात घालतोयस?"

५

आबा गव्हाणीच्या कडेला बसले होते, मान मागं टाकून. पुतण्याच्या हातात पांढरी चिमुकली बाटली होती, बोटभरसुद्धा नाही. थेंब पडायचा तेवढा राहिला होता.

एका बैलानं मान हलवली आणि घुंगरं वाजली.

मॅडमनी हात पुढं केला. बद्रीनाथनं बाटली मुकाट्यानं दिली. मॅडमनी ती बघितलीसुद्धा नाही, थेट संस्कृतीच्या हातात ठेवली. "वाच."

सरदारभाईंना आपाचं मन कळलं. निम्मं कोडं आपानं कधीच सोडवलं होतं. पण शेवटचा शब्द तिला या पोरीच्या तोंडून, या माणसांसमोर ऐकायचा होता.

"आयनिर्मळ," संस्कृतीनं मोठ्या अक्षरांतलं नाव वाचलं. "हा ब्रँड मला माहीत नाही." मग तिनं बाटली उजेडाकडं फिरवली. अंगठ्याच्या नखानं लेबलवरची ओली वाळू खरवडली. खालची बारीक ओळ दिसली. तिचे ओठ हलले आणि चेहऱ्यावरचा रंगच बदलला.

"टिमोलॉल," ती म्हणाली. "मॅडम, लॉल! हे तर गोळीच्याच घराण्यातलं!"

"काय बोलती ही?" बद्रीनाथ गोंधळला. "ते डोळ्यात टाकायचं पाणी हाय. औषध नाय."

"तिथंच सगळं चुकलं, भाऊ." संस्कृतीचा आवाज आता कापत नव्हता. "हे काचबिंदूचं औषध आहे. डोळ्यातला दाब कमी करतं. चांगलं औषध आहे. पण डोळ्यातून एक बारीक नळी नाकात जाते, नाकामागून घशात. म्हणून तर रडताना नाकाला पाणी येतं. जास्तीचा थेंब त्या नळीनं उतरतो. थोडा घशात जातो, म्हणून आबांना कडू लागायचं. बाकीचा नाकाच्या आतल्या कातडीतून सरळ रक्तात."

"पोटातून गेलेल्या औषधाला आधी यकृताचा जकातनाका लागतो," मॅडमनी पुस्ती जोडली. "तिथं कापाकापी होते. हे औषध नाका चुकवून जातं, म्हणून थेंबसुद्धा भारी पडतो. किती थेंब टाकत होतास?"

"डागदर म्हनला व्हता एक-एक." बद्रीनाथ बाटलीकडं बघत म्हणाला. "मी चार-पाच टाकायचो. दोन्ही डोळ्यांत, दोन्ही टायमाला. म्हटलं, आबाच्या डोळ्यासाठी कशाला हात राखायचा?"

"म्हणजे सकाळी गोळी हृदयाला सांगायची, हळू चाल," संस्कृती म्हणाली. "आणि हे थेंब दिवसातनं दोनदा तेच सांगायचे. दवाखान्यात दोन्ही बंद झालं, म्हणून नाडी वर आली आणि कडूपणा गेला. गोळी वेगळी, बाटली वेगळी, नावं वेगळी, पण काम एकच. आज परत सुरू केलं असतं तर..." तिनं वाक्य सोडून दिलं.

बद्रीनाथ मटकन खाली बसला. दोन्ही हात डोक्यावर. "म्हंजी माझ्याच हातानं? आबा, माझ्याच हातानं वं?" आणि तो तिशीतला गडी शेणामातीत बसून ढसाढसा रडायला लागला. चौदा एकरांसाठी कुणी असा रडत नाही, सरदारभाईंनी मनातल्या मनात त्याची माफी मागितली.

आबांनी पुतण्याच्या डोक्यावर हात ठेवला. "त्याचा दोष नाय. बोलू नको म्हनून शपथ मीच घातली व्हती. बाजूचं दिसंना झालंय मला. समोरचं दिसतं, कडंचं नाय. ही गोष्ट बाजारात गेली तर उद्या माझ्या शब्दावर बैल कोन घेईल? डागदरनं इचारलं, औषधं काय? म्या म्हनलं एक गोळी. खोटं नाय बोललो बाई. पोटात जातं ते औषध, एवढंच मला ठावं."

मॅडमनी तिथूनच हृदयाच्या आणि डोळ्यांच्या डॉक्टरांना फोन लावले, दोघांना एकमेकांचं औषध सांगितलं. थेंब तूर्त थांबवायचे, सोमवारी सकाळीच डोळ्यांच्या डॉक्टरांकडं जायचं, ते दुसऱ्या घराण्याचे थेंब देणार. "आणि डोळा सोडायचा नाही," त्यांनी आबांना दटावलं. "काचबिंदूकडं दुर्लक्ष केलं तर समोरचंही जाईल. एकच थेंब, आणि टाकल्यावर नाकाजवळचा कोपरा बोटानं दाबून धरायचा, दोन मिनिटं."

बद्रीनाथनं डोळे पुसले. "ताई, तक्रार देत नाय मी. तो कागदबी फाडतो आत्ताच."

"फाडून काय होणार?" सरदारभाई म्हणाले. "गाव म्हणणार, आतल्या आत मिटवलं. खरं काय ते स्टँडवर उभं राहून सांगावं लागेल."

"नाही," संस्कृती म्हणाली.

सगळ्यांनी तिच्याकडं बघितलं.

"आबांच्या डोळ्यांचं मी कुणाला सांगणार नाही. तुम्हीही सांगायचं नाही. पेशंटचं दुखणं पेशंटचं असतं. पहिल्याच वर्षी शिकवलंय आम्हाला."

"अगं, तुझं दुकान जाईल!"

"गेलं तर गेलं, चाचा," ती म्हणाली. डोळ्यांत पाणी होतं, पण मान ताठ होती. "शिकलेलं नाही ना जाणार."

मॅडमनी चष्मा काढला आणि ओढणीच्या टोकानं कितीतरी वेळ पुसत राहिल्या. आपा चष्मा पुसत नव्हती, हे सरदारभाईंशिवाय कुणाला कळलं नाही.

६

सहा वाजता नाशिककडची गाडी लागते, तेव्हा देवगावचा स्टँड गजबजलेला असतो. चहाच्या टपरीवर गावातले पुंजाराम, काकासाहेब आणि आणखी आठ-दहा जण होते. संस्कृती शटरपाशी येऊन उभी राहिली तशा सगळ्यांच्या गप्पा थांबल्या. तिनं कुलपाला हात घातला नाही. नुसतीच त्या कागदाकडं बघत राहिली.

मागून काठीचा आवाज आला. कारभारी आबा चालत येत होते, पटका नीट बांधून, मिशांना पीळ देऊन, बाजारात जाताना निघतात तसे. बद्रीनाथ चार पावलं मागं होता. त्यानं धरलेला हात आबांनी झिडकारलेला दिसत होता.

"आबा, कशाला आलात?" संस्कृती पुढं झाली. "आराम करायचा ना."

"तू गप ऱ्हा, पोरी. तुझं तू राखलंस. आता माझं मला बोलू दे."

आबांनी काठी शटरवर दोनदा आपटली. सगळा स्टँड वळून बघायला लागला.

"ऐका रे! मी पडलो ते हिच्या गोळीनं नाय. माझ्या लपवाछपवीनं. माझ्या डोळ्यांत काचबिंदू हाय. चोरून औषध टाकत व्हतो, कुनाला सांगितलं नाय. डागदरला नाय, बायकोला नाय. ते औषध आन हिची गोळी एका रक्ताची निघाली. जे शहरातल्या दवाखान्यात कुनाला घावलं नाय, ते ह्या पोरीनं वाळू खरवडून वाचून काढलं."

काकासाहेबांच्या हातातला कप तसाच राहिला. आबांचे डोळे! कन्नडच्या बाजारातले ते डोळे! पुंजारामनं हळूच विचारलं, "म्हंजी आबा, आता बैल..?"

आबांच्या मिशा थरथरल्या. चाळीस वर्षांचा मान ते चारचौघांत उतरवून ठेवत होते, आणि ते सोपं नव्हतं. संस्कृतीला सोडून टपरीपलीकडं थांबलेल्या सरदारभाईंनी गाडीचं दार घट्ट धरलं.

"व्हय," आबा म्हणाले. "बैलाच्या दातात बघाया आता मला संगं मानूस लागंल. लागू दे. पन औषधाच्या बाटलीवर बघाया आपल्या गावात मानूस हाय! कन्नडला नाय, वैजापूरला नाय, आपल्यात हाय!"

त्यांनी शटर चाचपलं. कागद डाव्या बाजूला होता, तो त्यांना चटकन सापडेना. संस्कृतीनं त्यांचा हात धरून कागदावर नेला. आबांनी तो टराटरा फाडला, चोळामोळा करून पुतण्याच्या हातात दिला, आणि म्हणाले, "उघड दुकान. पहिलं गिऱ्हाईक मी."

शटर खडखडत वर गेलं. बद्रीनाथनं पुढं होऊन फळीवरची धूळ आपल्या रुमालानं पुसली. संस्कृती काउंटरमागं उभी राहिली, वही उघडली, आणि तिनं विचारलं, "आबा, पोटात काय घेता? डोळ्यात? कानात? नाकात? अंगाला काय चोळता? कुणाच्या हातचा काढा? सगळं सांगायचं, घाई नाही."

आबा स्टुलावर नीट बसले आणि एकेक सांगायला लागले. त्यांच्या मागं काकासाहेब येऊन उभे राहिले, खिशातून आपली अर्धी कापलेली पट्टी काढत. त्यांच्या मागं पुंजाराम. बघता बघता रांग टपरीपर्यंत गेली.

रईसा मॅडम गाडीत बसून काचेतून बघत होत्या. "सरदार," त्या म्हणाल्या, "एकतीस वर्षं वर्गात विचारत होते, माझं कुणाच्या डोक्यात शिरतंय की नाही."

"हौ आपा."

"चल आता. आणि घरी गेल्यावर तू गुडघ्याला चोरून काय चोळतोस, ते मला दाखव."

सरदारभाईंनी मुकाट्यानं चावी फिरवली. पण गाडी वळवताना त्यांनी काच खाली केली आणि रांगेतल्या शेवटच्या माणसाला, विचारलं नसतानाही, मोठ्यानं सांगितलं, "माझ्या आपाची विद्यार्थिनी आहे ती!"